बापूकाकांचं बंदरावरून आलेलं पोतं

माझ्या बहिणीच्या लग्नात पहिल्याच पंगतीला, भात वाढायला आलेल्या वाढप्याला बापूकाकांनी हात आडवा करून थांबवलं. समोरचं केळीचं पान उचललं आणि उजेडाकडे धरलं. व्याही हातात आपोष्णीचं पाणी घेऊन बघतच राहिले.

"कडा करपल्येत," काका म्हणाले. "केळीला पालाश कमी पडलाय. बुंध्याशी चुलीतली राख घाला." मग पान खाली ठेवून, "हं, वाढ आता."

काका आमचे शेजारी. शेतीखात्यात कारकुनी करून रत्नागिरीस परतलेले. कुणाकडेही गेले की ओटीवर न टेकता थेट परसात. खालची पानं पिवळी दिसली की, "नत्र नाही. उपाशी आहे बिचारं." आईने एकदा सुकत्या तुळशीची दृष्ट काढली, तर म्हणाले, "वहिनी, मीठमिरच्या कशास ओवाळता? शेणखत घाला. उपाशी आहे बिचारी."

आळीने हे सगळं सोसलं. पण एका सकाळी बंदरावरून बैलगाडी आली आणि काकांच्या दारात उतरवताना पोतं फाटलं. मुंबईहून बोटीने आलेला पांढरट भुगा अंगणभर सांडला. वास सुटला.

"बापू, काय हे?" माझ्या वडिलांनी विचारलं.

"हाडं," काका शांतपणे म्हणाले. "गुरांची, दळलेली. त्यात स्फुरद असतं, खुरटल्या झाडाला लागतं."

ब्राह्मणआळीत, भर दिवसा, गुरांची हाडं. आईने पदर नाकाला लावला. भटजी जागच्या जागी मटकन बसले. दुपारी आमच्या ओटीवर बैठक भरली आणि ठरलं : पोतं परत पाठवायचं, प्रायश्चित्त घ्यायचं, नाहीतर काकांकडे जाणं-येणं बंद. निरोप सांगायला मला धाडलं.

काका मागीलदारी आंब्याच्या कलमाशी उकिडवे बसून तो भुगा मातीत कालवत होते. कलम खुरटलेलं, पानं जांभळट पडलेली. मी निरोप सांगितला.

"घेतो प्रायश्चित्त. आधी हे होऊ दे." (पंचगव्य त्यांनी पुढे घेतलंही.)

"एका कलमासाठी एवढं, काका?"

त्यांनी मानेनेच खिडकी दाखवली. काकू अर्धांगाने अंथरुणाला खिळल्यात, वाचा गेल्ये, हे आळीला ठाऊक होतं. त्यांची खाट काकांनी त्या खिडकीला लावून ठेवल्ये, हे मात्र कुणी पाहिलं नव्हतं. काकूंची नजर काकांच्या हातांबरोबर हलत होती.

"मान वळत नाही तिची," काका म्हणाले. "दिवसभर एवढंच झाड दिसतं. तेही वाळलं तर बघेल काय ती?"

मागे चाहूल लागली. मला उशीर झाला म्हणून आई बघायला आली होती. तिने सगळं ऐकलं असावं. खिडकीशी जाऊन ती काकूंकडे बघत उभी राहिली. मग विहिरीवर गेली आणि कळशी भरून घेऊन आली.

"यावर पाणी घालायचं ना, भावजी?"

"थोडंच घाला, वहिनी," काका म्हणाले. त्यांनी खिडकीकडे पाठ केली आणि मनगटाने डोळे पुसले. हात भुग्याने माखले होते.