आभार मानायचे राहिले

कवठे महांकाळच्या हिरवागार सहकारी बेदाणा संघाचा बेदाणा वाळताना काळा पडतो, ही बाब सभासदांनी वार्षिक सभेत उपस्थित केली. बाब गंभीर असल्यामुळं संचालक मंडळानं कॅलिफोर्नियाला जायचं ठरवलं. बेदाणा काळा का पडतो हे तासगावच्या बाजारात कुणीही चहाच्या कपावर सांगितलं असतं. पण फुकट मिळालेलं उत्तर इतिवृत्तात शोभत नाही. शिवाय तासगावला जायला पासपोर्ट लागत नसल्यानं तिकडून परतलेल्या माणसाच्या गळ्यात कुणी हार घालत नाही. ठराव आला, सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला. आम्ही सभासदांनी ‘मंजूर, मंजूर’ म्हटलं, कारण बाहेर जिलेबीचा वास सुटला होता.

दौऱ्यावर सात संचालक निघाले. सर्वांत पुढं चेअरमन नानासो. त्यांच्या कडक इस्त्रीच्या धोतराला विमानतळावरचे शिपाईसुद्धा दबकून होते. दुसरे सुभेदार लालासाहेब, निवृत्त. पलटणीत इंग्रजी शिकले होते, म्हणून दुभाषे. तिसरे आकारामअण्णा, हे विरोधक. घरी ठेवले तर बोलतात, म्हणून सोबत घेतले. चौथ्या मनुबाई, महिला राखीव. बाकीचे तिघे हात वर करण्यासाठी होते.

मनुबाईंबद्दल थोडं सांगायला हवं. सभेत त्या कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या. नवऱ्यानं, म्हणजे मानसिंगरावांनी, सांगितलं तिथं सही करायच्या. पण हा दौरा निघाला तेव्हा मात्र त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

“मी येणार,” त्या म्हणाल्या.

त्यांची लेक साक्षी सॅन फ्रान्सिस्कोला जावयाकडं होती. तिला मुलगी झाली होती आणि बाळंतपणाला माहेरचं कुणी जवळ नव्हतं. मनुबाईंनी स्वतःच्या नऊवारीचं मऊ दुपटं शिवलं, डिंकाच्या लाडवांचा डबा भरला आणि दोन्ही वस्तू एका पिशवीत घालून पिशवी छातीशी धरली. बेदाण्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. नात विमानतळावरच मांडीवर घ्यायची, एवढाच त्यांचा अभ्यास होता.

प्रवास दोन टप्प्यांचा होता. आधी सिंगापूर, तिथं दिवसभराचा थांबा, मग पुढं अमेरिका. तिकिटं सर्वांत स्वस्त वर्गाची. या वर्गात माणसाला बसवत नाहीत, भरतात. गुडघे पुढच्याच्या पाठीत आणि कोपर शेजाऱ्याच्या ताटात. पण नानासोंची तक्रार जागेच्या आकाराबद्दल नव्हती, क्रमाबद्दल होती. त्यांना शेवटच्या रांगेत मधली खुर्ची मिळाली होती. डावीउजवीकडं घोरणारी माणसं आणि पाठीमागं संडास. आणि विरोधक आकारामअण्णा पार पुढं, खिडकीशी.

“चेअरमन मागं आणि विरोधक पुढं? ह्यो तर सहकार खात्याचा अपमान हाय!” नानासो म्हणाले.

हवाईसुंदरीला लालासाहेबांनी इंग्रजीत सांगितलं, की धिस मॅन चेअरमन, गिव्ह चेअर. ती म्हणाली, त्यांना चेअर दिलेलीच आहे. तेव्हा नानासोंनी संडासाजवळच्या बोळात तातडीची सभा बोलावली. गणसंख्या पूर्ण होती. आकारामअण्णांनी खिडकीची जागा चेअरमनांना द्यावी, असा ठराव बहुमतानं मंजूर झाला. त्याच वेळी पट्टे बांधण्याचा दिवा लागला आणि विमान असं हादरलं, की अनुमोदक सूचकाच्या अंगावर पडला.

आकारामअण्णा काही उठले नाहीत. “मी जागा सोडीन, पर आधी इषयपत्रिकेवर इषय घ्या, नोटीस काढा. न्हाईतर ठराव बेकायदा हाय,” ते खिडकीला नाक लावून म्हणाले.

नानासो परत संडासापाशी जाऊन बसले. रात्रभर लोक त्यांच्या खांद्याला धरून आत-बाहेर करत होते.  त्यांनी आकारामअण्णांवर डूख धरला, आणि तो पुढं नडला.

सिंगापुरात उतरल्यावर कळलं, की थांबलेल्या प्रवाशांना शहर दाखवायला फुकट बस आहे. फुकट म्हटल्यावर अभ्यास सुरू झाला. बसमध्ये माहिती सांगायला मिस लिम नावाची बारीकशी, हसरी मुलगी होती. तिनं उंच इमारती दाखवल्या, देऊळ दाखवलं, आणि शेवटी नदीच्या मुखाशी नेऊन तोंडातून पाण्याचा फवारा सोडणारा पांढरा सिंह दाखवला. सिंहासमोर मात्र आमचे संचालक नतमस्तक झाले. दुष्काळी तालुक्यातला माणूस पाणी वाया जाताना बघून असेच हात जोडतो.

मिस लिम म्हणाली, आता बसमध्ये चला, विमानतळावर जायचं आहे. लालासाहेबांनी भाषांतर केलं. तेव्हा नानासोंच्या ध्यानात एक भयंकर गोष्ट आली.

“आरं, ह्या पोरीनं आपल्याला दिसभर फिरवलं आणि आपण तिचा सत्कार न करता जायचं? लोक काय म्हणतील?”

लोक म्हणजे आम्ही. आम्ही तिथं नव्हतो. पण आमचा धाक तिथवर पोचला होता.

सत्काराचं सामान, म्हणजे शाली, नारळ आणि फेटे, मोठ्या बॅगांत होतं आणि बॅगा विमानाच्या पोटात होत्या. नानासोंनी इकडंतिकडं पाहिलं. त्यांची नजर मनुबाईंच्या पिशवीवर स्थिरावली.

“मनुबाई, ते दुपटं काढा.”

“आवं चेअरमनसायेब, ते बाळाचं हाय!”

“शाल म्हणून घालू. फोटोत काय कळतंय? आन् नारळाच्या जागी लाडू चालंल.”

सिंहाच्या साक्षीनं कार्यक्रम सुरू झाला. प्रास्ताविकात संघाची स्थापना कशी झाली हे आलं. मग हात वर करणाऱ्या तिघांनी प्रत्येकी मनोगत व्यक्त केलं. बसमधले बाकीचे प्रवासी आधी उत्साहानं टाळ्या वाजवत होते. मग एकेक करून टॅक्सीनं निघून गेले. मिस लिमच्या अंगावर दुपटं, हातात डिंकाचा लाडू. ती घड्याळाकडं बोट दाखवू लागली.

“बाई म्हणत्यात, येळ झाला,” लालासाहेब म्हणाले.

“येळ झाला म्हंजे कार्यक्रम येळेवर चाललाय. आता तुमी बोला.”

लालासाहेब पलटणीतले. वेळेचे पक्के. भाषणं थांबवावीत, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते त्यांनी एकाहत्तरच्या लढाईपासून सुरुवात करून सविस्तर मांडलं. ते पाकिस्तानात शिरले तेव्हा बसचालक खाली उतरून सिंहाच्या सावलीत झोपला होता.

शेवटी नानासो म्हणाले, “आता आभार. आभार बाई मानतील.” आमच्याकडं संस्थेत बाई कशासाठी असते, असा प्रश्न कुणी विचारला, तर त्याचं उत्तर हेच.

मनुबाई उभ्या राहिल्या. भाषणाला पहिल्यांदाच. “आवं, इमान सुटंल, उठा आता!” एवढं बोलून बसकडं चालू लागल्या.

“आसं नसतंय बाई,” नानासो म्हणाले, “आभार नावं घिऊन मानायचं असत्यात. मी सांगतो, तुमी म्हणा.”

नानासो कानात सांगत गेले, मनुबाई भराभर म्हणत गेल्या. मिस लिमचे आभार. झोपलेल्या चालकाचे आभार. सिंहाचे आभार. लालासाहेबांचे, त्या तिघांचे, आणि ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार. सगळे उठले. फक्त आकारामअण्णा उठले नाहीत. ते सिंहाच्या पायथ्याशी जाऊन पाठ फिरवून बसले.

“माझं नाव घेतलं न्हाई,” ते म्हणाले. “मी अज्ञात हाय व्हय?”

खिडकीचा हिशोब असा चुकता झाला होता. पण विरोधकाला परदेशात टाकून जाता येत नाही. परत आल्यावर निवडणुकीत त्याचाच मुद्दा होतो. मग रुसवा काढणं आलं. लग्नातल्या जावयासारखी त्यांची समजूत घातली गेली. त्यांनी अट घातली, की आभार पहिल्यापासून पुन्हा व्हावेत आणि त्यांचं नाव सिंहाच्या आधी यावं. सिंहाची हरकत नव्हती, पण नानासोंची होती. अखेर दोघांची नावं एकदम घ्यायचं ठरलं. मनुबाईंनी रडत रडत दुसऱ्यांदा आभार मानले. त्या आभार मानता मानता रडल्या, याची नोंद इतिवृत्तात ‘बाई भारावून गेल्या’ अशी आहे.

विमानतळावर पोचले तेव्हा विमान आकाशात होतं. संचालक खाली आणि बॅगा वर. तिकिटाच्या खिडकीवरच्या माणसानं सांगितलं, की या स्वस्त तिकिटावर जागा मिळेल ती आठवड्यानं, आणि तोवर तर त्यांच्या परतीची तारीख येत होती. दुपटं गेलं म्हणून मनुबाई पिशवी चाचपत होत्या, तर ते आत घडी करून ठेवलेलं सापडलं. मिस लिमनं ते केव्हा ठेवलं, कुणाला कळलं नाही. शब्द एक कळला नसला, तरी त्या अख्ख्या कार्यक्रमाचा अर्थ तिला एकटीलाच कळला होता. लाडू मात्र तिनं खाल्ला होता.

सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर साक्षी बाळाला घेऊन उभी राहिली. संघाचं नाव रंगवलेल्या, तोंडं उसवलेल्या बॅगा तिच्या पुढ्यातून फिरत राहिल्या. आई काही आली नाही. तिनं फोनवर विचारलं, “आई, फेटं आलं, नारळ आलं, तू कुठं हायेस गं?”

मनुबाई म्हणाल्या, “सत्कारात.”

हे ऐकून आम्हाला खरंच फार वाईट वाटलं. पण वाईट वाटल्याचा ठराव करण्याची पद्धत नाही.

संचालकांनी उरलेले दिवस अंगावरच्या कपड्यांनिशी सिंगापूरचाच अभ्यास केला. त्यांचा अहवाल खास सभेत वाचून दाखवण्यात आला. ‘सदर शहरात द्राक्षाचा एकही वेल आढळून आला नाही. तथापि प्रत्येक दुकानात उत्तम बेदाणा उपलब्ध आहे. यावरून उत्तम बेदाण्यासाठी द्राक्षबागेची आवश्यकता नाही, असे मंडळाचे मत झाले आहे. तसेच सदर ठिकाणी सिंहाच्या तोंडातून अहोरात्र पाणी येते. आपल्याकडे नळाच्या तोंडातूनही येत नाही. सबब संघाच्या आवारात सिंह बसविण्यात यावा.’ आम्ही मंजूर म्हटलं. सिंह बसला आहे. पाणी यायचं आहे. बेदाणा काळाच पडतो, पण आता त्याकडं कुणाचं लक्ष जात नाही, सगळे सिंह बघतात.

आम्ही सभासद या संचालकांना पोट धरून हसलो. पारावर बसलं, की कुणीतरी नानासोंची नक्कल करायचा, कुणीतरी सिंह व्हायचा. एवढी मोठी माणसं, आणि दोन शब्द आवरता आले नाहीत!

पुढं दिवाळी सरल्यावर जावयानं मनुबाईंना एकटीचं तिकीट पाठवलं. तोच स्वस्त वर्ग, तोच सिंगापूरचा थांबा. त्यांनी राजीनामा दिला, नवे लाडू वळले, दुपटं घेतलं. संध्याकाळच्या मुंबईच्या गाडीनं त्या निघणार, ही बातमी गावभर झाली. आता आमच्या तालुक्यातली बाई एकटी अमेरिकेला जाते, आणि तिला तशीच कशी जाऊ द्यायची? आम्ही सभासदांनी गाडी थांबते तिथं दोन टेबलं जोडली, सतरंजी टाकली, कर्णा लावला. हे संचालकांचं नव्हे, आमचं स्वतःचं नियोजन होतं, त्यामुळं उत्साह मोठा होता.

“आवं, आल्यावर करा की सत्कार,” मनुबाई म्हणाल्या.

“आल्यावर येगळा. ह्यो जातानाचा,” आम्ही म्हणालो.

त्या एवढंच म्हणाल्या, “बरं. डबा तेवढा गाडीत ठिऊन येते.” आणि मानसिंगरावांना आपल्या खुर्चीवर बसवून गेल्या.

नानासो अध्यक्ष होते. लालासाहेब एकाहत्तरवर बोलले. आकारामअण्णा सिंहावर बोलले. मग मी बोललो. मी दोनच शब्द बोलणार होतो, पण समोर माणसं बसली होती. वेळेचं महत्त्व या विषयावर मी इतका रंगलो, की मागं गाडीचा भोंगा वाजला, तेव्हा मला ती दाद वाटली.

“आता सत्कारमूर्ती आभार मानतील,” मी म्हणालो.

खुर्चीत मानसिंगराव हार मांडीवर घेऊन बसले होते. “ती गेली की,” ते म्हणाले. “आण्णा सिंहावर बोलत हुतं, तवाच जाऊन गाडीत बसली. म्हणली, माझ्या वाटणीचं भाषान तुमीच ऐका.”

चार दिवसांनी फोन आला. नात मांडीवर होती. मागं ती रडत होती, ते आम्ही सगळ्यांनी आळीपाळीनं ऐकलं, आणि आमचेही डोळे भरून आले.

पण पद्धत ती पद्धत. सत्कारमूर्तीनं आभार न मानता परस्पर निघून जाणं, आणि गाडीनं कुणाची वाट न पाहता वेळेवर सुटणं, या दोन्ही गोष्टींचा निषेध करणारा ठराव आम्ही त्याच आठवड्यात एकमतानं केला आहे. सूचक मी आहे. अनुमोदक म्हणून तुमचं नाव घातलं आहे. तुम्ही इथवर बसून सगळं ऐकलंत, आणि मध्ये एकदाही उठला नाहीत. काही हरकत असेल, तर पुढच्या सभेत येऊन दोन शब्द बोला. दोनच.