वाजतोय, पण बोलत नाही

बबनराव येवले कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की यजमानांकडे बघण्याआधी त्यांच्या रेडिओकडे बघत, आणि तेही मागून. चहा येईपर्यंत रेडिओचं तोंड भिंतीकडे झालेलं असे आणि बबनराव त्याच्या पाठीच्या भोकांतून आत डोकावत असत. घरातली मंडळी अवघडून उभी. "पुढून काय, सगळेच गोरेगोमटे," ते म्हणत. "पोटात काय हाय ते बघावं."

माझ्या खोलीवर आले तेव्हा माझ्याकडे रेडिओ नव्हता. मी नुकताच बी.ए. होऊन लोणावळ्याच्या शाळेत लागलो होतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. एक ट्रंक, एक वळकटी आणि पदवीचं फ्रेम केलेलं प्रमाणपत्र एवढीच माझी इस्टेट. बबनरावांनी खोलीभर नजर फिरवली, आणि दुसरं काही सापडेना म्हणून ते प्रमाणपत्रच खिळ्यावरून काढून उलटं करून पाहिलं.

"पुठ्ठा चांगला लावलाय," म्हणाले. ही आमची ओळख.

ते शेजारच्याच खोलीत राहत; आमच्या खोल्यांमध्ये फळ्यांची भिंत होती. दिवसा ते हॉटेलांतून आणि बंगल्यांतून वायरमनचं काम करत आणि संध्याकाळी स्टील गिटार वाजवत. ही गिटार मांडीवर आडवी ठेवायची आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. मग सूर माणसाच्या गळ्यासारखा ओघळत जातो. गिटार आणि तिचा जुन्या धाटणीचा, काचेच्या वाल्व्हचा अँप्लिफायर त्यांना हॉटेलातल्या एका म्हाताऱ्या वादकानं गावी परतताना देऊन टाकला होता. अँप्लिफायर ठणठणीत होता, स्पीकर मात्र गेलेला. डबा उघडा राहिला तर आमच्याकडच्या हवेत चिक्की जशी मऊ पडते, तसा स्पीकरचा कागदी पडदा मऊ पडून फाटला होता. डिंक आणि पतंगाचा कागद लावून बबनरावांनी तो पुष्कळ दिवस जगवला. शेवटी तो खोकायला लागला. तेव्हापासून ते त्या अँप्लिफायरसाठी, त्यांच्या भाषेत 'मशीन'साठी, दुसरा स्पीकर शोधत होते.

शोधत होते म्हणजे अक्षरशः स्थळं बघत होते. मोडीत निघालेल्या रेडिओग्रामचा, बंद पडलेल्या हॉटेलातला, कुणाच्या माळ्यावरचा, कुठलाही स्पीकर कळला की हे सायकल काढून हजर.

"सर, याचं गोत्र म्हंजे ओहम," ते मला समजावत. "मशीन आठ ओहमचं असलं तर स्पीकरबी आठाचाच पायजे. माणसांत सगोत्र चालत न्हाई, हितं सगोत्रच लागतं."

"आणि नाही जुळलं तर?"

"मशीन तापतं. आतल्या आत जळतं. घरोघरी बघताच की तुमी."

त्यांचं ज्ञान नेहमीच कामी यायचं असं मात्र नव्हे. एका गणेशोत्सवात त्यांनी मंडळाच्या मशीनला असंच एक 'घरंदाज स्थळ' जोडून दिलं आणि ऐन आरतीत त्यातून धूर निघाला. धुपाचाच असेल म्हणून लोक हात जोडून उभे राहिले, म्हणून त्या वर्षी बबनराव वाचले.

गोत्र जुळलं की मग गिटार जोडून परीक्षा. ती नेहमी एकाच चालीवर व्हायची. जात्यावरच्या ओवीसारखी साधी चाल, दोनच ओळींची. आणि दुसऱ्या ओळीत, सूर वर चढायचा तिथं, बबनराव हटकून घसरायचे. बाकी अवघड गाणीसुद्धा लोण्यासारखी वाजवणारा माणूस या पोरखेळासारख्या चालीत नेमका त्याच जागी कसा अडखळतो, याचं आम्हा सगळ्यांना नवल वाटे. वाजवून झालं की ते मान तिरकी करून थोडा वेळ बसत. कधी लगेच, कधी त्यानंतरच्या सोमवारी निकाल देत, "वाजतोय, पण बोलत न्हाई." आणि स्पीकर परत.

सगळ्यात मोठा प्रसंग झाला तो नानांच्या स्पीकरवरून. नाना म्हणजे बाजारातले चिक्कीवाले आणि मंडळाचे अध्यक्ष. मंडळाच्या कार्यक्रमात गिटार हवीच, म्हणून त्यांनी मुंबईहून कोरा करकरीत स्पीकर मागवला. दुकानामागच्या खोलीत तो जोडला आणि बबनरावांनी पहिली तार छेडली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. इतका स्वच्छ आवाज मी ऐकलाच नव्हता. मग ती ओवीची चाल, आणि ठरल्या जागी घसरणं.

"अरे बबन, तिथंच कसा रे मरतोस दर वेळी?" नाना म्हणाले. "पण स्पीकर बघ! सोनं आहे सोनं!" त्यांनी सगळ्यांना चिक्की वाटली.

पुढच्या सोमवारी बबनरावांनी तो खोक्यात भरून परत आणला. "नाना, झकास वाजतोय. पण बोलत न्हाई."

नाना संतापले. "बोलत नाही? त्याच्याकडून काय व्याख्यान करून घ्यायचंय तुला?"

बबनराव हसले आणि खिशातली चिक्की चघळत निघून गेले. मलाही त्या दिवशी त्यांचा राग आला होता.

पण राग धरावा असा तो माणूस नव्हता, आणि माझ्यावर तर त्यांचे उपकार आहेत. शाळेतले माझे पहिले महिने वाईट गेले. मी मोठ्या कळकळीनं शिकवायचो, पुस्तकात शोभेल अशा भाषेत; आणि डोंगरवाड्यांवरून चालत येणारी पोरं माझ्याकडे मुकाट बघत बसायची. मग मी आवाज चढवायचो. माझ्या रोजच्या तयारीचं भाषण फळ्यांपलीकडून बबनरावांना ऐकू जात असे. एकदा ते दारात येऊन म्हणाले, "सर, मशीन लय भारी हाय तुमचं. पण आवाज वाढवून काय व्हत न्हाई. पोरांचा ओहम बघा की जरा."

दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरच्या, तोवर एकही शब्द न बोललेल्या पोराला मी विचारलं, "काल कुटं गेलतास रं?" ही माझ्या आईची भाषा, पदवी घेताना मी ती बाजूला ठेवली होती. वर्ग खो खो हसला. आणि ते पोर उठून बोलायला लागलं ते थांबेचना. त्यांची म्हैस हरवली होती, आणि तिच्या शोधात त्यानं आम्हाला अख्खा डोंगर फिरवून आणला. मी मास्तर झालो तो त्या दिवशी.

आता त्या सोमवारांबद्दल. नवा स्पीकर मनासारखा वाटला की रविवारी बबनराव ते जड मशीन आणि गिटार घेऊन सकाळच्या गाडीनं कुठंतरी जात आणि संध्याकाळी उतरल्या चेहऱ्यानं परत येत. कुठं, ते कुणाला सांगत नसत. नानांचं मत होतं की कामशेतला कुणीतरी बाई आहे.

नानांचं म्हणणं खरं निघालं. कामशेतला एक बाई होती.

मला ते कळलं ते बबनराव शिडीवरून पडून खांद्याला पट्टा बांधून आले तेव्हा. नुकताच त्यांना एका मोडीत निघालेल्या तंबू-सिनेमाचा स्पीकर मिळाला होता. केवढा तरी मोठा, गंजलेला, आणि आवाज असा की कुणी रांजणात तोंड घालून बोलतंय. मी कान झाकून घेतले. बबनराव मात्र डोळे मिटून ऐकत होते.

"सर, रविवारी मोकळे हाय का? वझं उचलाय लागंल."

कामशेतला उतरून आम्ही बाजारामागच्या भातगिरणीकडे गेलो. गिरणी रविवारची बंद होती. तिच्या भिंतीला टेकून एक खोली, आणि दारात तांदूळ निवडत बसलेली म्हातारी.

"आमची आक्का," बबनराव म्हणाले. "थोरली बहीण. आई गेल्यावर हिनंच वाढवलं मला. माझं वायरमनचं शिक्षण हिनं ह्या गिरणीत राबून केलं. मशीनच्या आवाजात जन्म गेला, कान गेले. थोडं ऐकू येतं अजून, पण दर साली कमी व्हतंय. डॉक्टर म्हणाले, समदंच जाईल."

मी वाकून नमस्कार केला आणि मोठ्यानं नाव सांगितलं. आक्का गोड हसल्या. "व्हय व्हय, बरं हाय," म्हणाल्या. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं.

"बघितलंत?" बबनराव म्हणाले. "कायबी विचारा, हसून व्हयच म्हणती. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. गिटार वाजवली तर दर वेळी म्हणती, लय ग्वाड. ऐकलं का न्हाई, कसं कळायचं? म्हणून मी मुद्दाम चुकतो. तिच्याच ओवीत. हात बसावा म्हणून तुमच्यापुढंबी तसंच वाजवतो. जात्यावर बसून मला निजवायची, ती ओवी. इतका चांगला नानाचा स्पीकर, त्यावरबी म्हणाली, लय ग्वाड."

मी तंबू-सिनेमाचा तो स्पीकर नीट उचलून आक्कांच्या समोर ठेवला, वायर जोडून दिली. मशीनचे वाल्व्ह तापेपर्यंत आम्ही थांबलो. आक्का तांदूळ निवडतच होत्या. खांदा दुखत असतानाही बबनरावांनी कांडी धरली.

पहिली ओळ त्या रांजणातून घुमत बाहेर आली. आक्कांचा हात सुपात थांबला. दुसरी ओळ सुरू झाली, वर चढायच्या जागी आली, आणि बबनराव घसरले.

"आरं मेल्या!" आक्का ओरडल्या. सूप बाजूला सरलं. "तितं खाली जातुया व्हय? वर जायाचं तितं, वर! एवढा बाप्या झालास, आन् आक्काची ववी न्हाई आली तुला?"

बबनरावांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "सर," एवढंच म्हणाले, "बोलला."

आक्का पुढं सरकल्या, कापऱ्या पण बरोबर सुरात त्यांनी ती ओळ म्हणून दाखवली आणि दटावलं, "हां, आता म्हन. नीट."

"व्हय आक्का," बबनराव म्हणाले. त्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, कांडी पुन्हा तारांवर टेकवली, पहिली ओळ सुरेख वाजवली, दुसरी धरली, आणि पुन्हा नेमके तिथंच चुकले.