बिनधोक पानांची यादी

शांतता दोन प्रकारची असते: इतिवृत्तात नोंदवता येणारी आणि न येणारी. पहिलीत दिवंगत सभासदांसाठी सगळे उभे राहतात. दुसरीत सगळे बसून राहतात आणि सफरचंदाच्या केककडे बघतात. जर्मनीतल्या रूर खोऱ्यातल्या घोयरा सरडा संगोपन मंडळाच्या वार्षिक सभेत, शनिवारी दुपारी सव्वातीन वाजता, दुसऱ्या प्रकारच्या शांततेने चौथ्या मिनिटात पदार्पण केले होते. चिटणीस रोझविटा कालहोफ यांचे पेन कागदावर टेकून थांबले होते आणि टोकाशी शाईचा ठिपका वाढत होता. (ठिपक्यासाठी नमुन्यात रकाना नाही.)

ही शांतता आल्मुट ग्राब्बे या निवृत्त ट्रामचालक बाईंची करणी होती. मांडीवर जास्वंदीची कुंडी घेऊन त्यांनी एवढेच विचारले होते, "पण मग तो पाणी कुठून पिणार?"

प्रश्न विषयपत्रिकेवर नव्हता.

मंडळाचे कार्य थोर आहे, हे आधी सांगितले पाहिजे. रंग बदलणारा आणि दोन डोळ्यांनी दोन दिशांना पाहणारा घोयरा हा पाळायला फार नाजूक प्राणी. त्याच्या पिंजऱ्यात जिवंत झाडे लागतात. आणि झाडे, सुज्ञांना ठाऊक आहेच, विषारी असू शकतात. म्हणून अकरा वर्षांपूर्वी मंडळाने त्रेचाळीस बिनधोक झाडांची यादी केली आणि ती बिनधोक राहावी म्हणून नियमही केला. एका सभासदाने लेखी शंका काढताच झाड मतदानाला येते आणि साध्या बहुमताने जाते. परत यायचे तर दोन तृतीयांश मते हवीत, शिवाय हे झाड कधीही, कोणालाही, कोणताही अपाय करणार नाही याचा पुरावा. (असा पुरावा देणारे झाड अद्याप उगवलेले नाही.)

मनीप्लांट पहिल्याच वर्षी गेला; एका सभासदाच्या मेव्हणीच्या सशाला तो खाऊन उचकी लागली होती. रबराचे झाड चिकापायी गेले. नेच्याबद्दल कोणाला काही ठाऊक नव्हते, आणि तेच संशयास्पद ठरले. बांबू उंच वाढतो, उंचावरून पडता येते, म्हणून बांबू गेला. काढलेले झाड तपकिरी पेटीत, कुंडी पिवळीत, नावाची कागदी पट्टी निळीत: कचऱ्याच्या या वर्गवारीत अकरा वर्षांत एकदाही चूक झालेली नाही. प्लास्टिकची पाने ही झाडे नसल्यामुळे यादीत कधी नव्हतीच.

फळ डोळ्यांपुढे आहे. अकरा वर्षांत वनस्पतीच्या विषाने दगावलेले घोयरे: शून्य. नमुना क्रमांक सातमध्ये मृत्यूच्या कारणासाठी दोन रकाने आहेत, 'वनस्पतीमुळे' आणि 'वनस्पतीमुळे नव्हे'. सत्तावन्नपैकी सत्तावन्न घोयरे दुसऱ्या रकान्यात विसावले आहेत. आदर्श पिंजरा म्हणून अध्यक्ष फोल्कमार झ्युडहोफ यांच्या पिंजऱ्याचे छायाचित्र भिंतीवर लावलेले आहे: एक काठी, एक दिवा, पाण्याची एक वाटी. मार्चपासून त्यात घोयराही नाही, त्यामुळे त्याची सुरक्षितता अधिकच वाढली आहे.

आता यादीत एकच झाड उरले होते. अध्यक्षांची लेखी शंका अशी, की जास्वंदीचे फूल एका दिवसात गळते, आणि गळणारी वस्तू डोक्यात पडू शकते.

"वाटीतून पिईल," अध्यक्ष अखेर म्हणाले. "सगळे वाटी ठेवतात, फ्राउ ग्राब्बे."

"वाटीतलं पाणी त्याला पाणी वाटतच नाही हो, हेर झ्युडहोफ. पानावरनं ओघळणारा थेंब दिसला, तरच जीभ बाहेर येते. तुमचा आर्नो काय वाटीतून पीत होता?"

"आर्नो वयोमानाने गेला."

"दोन वर्षांचा होता तो! माझ्या लोटारला सातवं लागलंय."

"हे लिहू का?" रोझविटांनी विचारले.

"नका लिहू."

"आणि त्या खिडकीतल्या मनीप्लांटचं काय?" आल्मुटबाई रोझविटांकडे वळल्या. "दर सभेला तुम्हीच पाणी घालता त्याला. आज तर पानंसुद्धा पुसलीत."

"तो सभागृहाचा आहे," रोझविटा दुखावल्या स्वरात म्हणाल्या. "सभागृहात सरडा कुठंय?"

यावर सर्वांनी समाधानाने मान डोलावली.

तेवीस वर्षे आल्मुटबाईंनी ट्रामच्या आरशात उतरून जाणाऱ्या सगळ्या गावाच्या पाठी पाहिल्या होत्या. आता रोज सकाळी त्या जास्वंदीवर पाणी फवारीत. थेंब पानाच्या टोकाशी थरथरत थांबे, जणू पडावे की नाही याचा विचार करीत. लोटार एक डोळा त्या थेंबावर ठेवी आणि दुसरा बाईंवर. दिवसभरात त्यांच्याकडे कोणी पाहिले, असे म्हणता येईल ते एवढेच. आणि घरमालक संस्थेने मंडळाच्या प्रमाणपत्रावरच लोटारला घरात राहू दिले होते. पान ठेवावे तर प्रमाणपत्र जाते आणि मागोमाग लोटार. पान काढावे तर नमुना क्रमांक सात आहेच. गुरुवारी दहा ते बारा या वेळात तपासणी समिती घरी येणार होती.

"आधी एवढी काळजी नव्हती तुम्हाला," अध्यक्षांनी जुने इतिवृत्त उघडले. "मनीप्लांटच्या वेळी हात कोणी वर केला? ग्राब्बे. रबराच्या झाडाला? ग्राब्बे. बांबूला तर अनुमोदनच तुमचं."

"ते... केक वाढायचा थांबला होता," आल्मुटबाई हळूच म्हणाल्या.

हे खरे होते. बेचाळीस वेळा त्यांनी हात वर केला होता. दर वेळी शेजारचे हात वर जात होते आणि केक गार होत होता. शिवाय त्यांच्या घरी मनीप्लांट नव्हता, बांबू नव्हता. त्यांच्या घरी जास्वंद होती.

मतदान झाले. बाजूने एकोणीस, विरोधात एक. सभेस हजर असून ज्यांनी हात हलवला नाही, ते नियमानुसार बाजूने धरले जातात. या कलमाखाली वाचकांचीही नोंद झाली आहे: सशाच्या उचकीला आपण हसलात, आणि मनीप्लांट गेला तेव्हा आपली हरकत आली नाही.

"तर मग, फ्राउ ग्राब्बे," अध्यक्षांनी कागद पुढे सरकवला, "इथं सही. गुरुवारपर्यंत झाड काढताय, की सभासदत्व सोडताय? लिहायचं काय?"

रोझविटांचे पेन पुन्हा कागदावर टेकले.

आल्मुटबाईंनी कोट घातला. कुंडी काखेत धरली. जाताजाता खिडकीपाशी थांबून त्यांनी मनीप्लांटची एक लांब वेल नखाने खुडली, नीट गुंडाळून खिशात ठेवली, आणि मागे न बघता त्या दाराबाहेर पडल्या.