गोदाबाईच्या पदराची गाठ

पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून आरती अकोल्याच्या सासरहून तिवशाजवळच्या आपल्या गावी आलेली. कळा सुरू झाल्या तशी सकाळी अकरा वाजता ती आरोग्य केंद्रात दाखल झाली. सोबतीला आई, गोदाबाई. सोबतीला एक बाई असावी असा केंद्राचा नियमच होता आणि प्रियदर्शनी सिस्टरांना त्या दिवशी त्या नियमाचा फार पस्तावा झाला.

सिस्टर चौदा वर्षं बाळंतपणं करत होत्या. पोट चाचपावं, बाळाचे ठोके मोजावेत, कागदावर लिहावेत, बाईला धीर देत चालवावं, हे त्यांचं शांतपणे चाललेलं. पण तीन वाजले तशी गोदाबाईने फोन काढला.

"अवो, घरची सारी कुलपं उघडा! कोठीचं, कपाटाचं, पेटीचं. पोरगी अडून राहिली अन् तुमी कुलपं लावून बसले!"

"मावशी, ती अडली नाही. पहिलटकरणीले वेळ लागतेच. ठोके एकशे चाळीस आहेत, छान आहेत. कुलपानं काय होते?"

"कुलूप-गाठ सुटली का बाई सुटते. तुमी तुमचं करा सिस्टरबाई, मी माहं करतो."

पलीकडे खुशालराव, म्हणजे आरतीचे वडील. बायकोचा शब्द न मोडणारा माणूस. कुलपं झाली, पेट्या झाल्या. पुन्हा फोन आला, "दावी सोडू काय?"

"दाव्याले गाठच असते ना? सोडा!"

झालं! गाय एकीकडे गेली आणि चार बकऱ्या शेजारच्या पुंजाजीच्या तुरीत शिरल्या. पुंजाजी तणतणत थेट केंद्रावर आला. सिस्टर बाहेर जाऊन म्हणाल्या, "हळू बोला दादा, आत बाळंतपण चालू आहे." त्याने सगळं कारण ऐकून घेतलं आणि डोक्याला बांधलेल्या रुमालाची गाठ सोडून तो खांद्यावर टाकला. सिस्टरांनी कपाळावर हात मारला. तेवढ्या वेळात आत गोदाबाईने खिळ्यावरच्या किल्ल्या घेऊन केंद्रातली कपाटंही उघडून टाकली होती.

चार वाजता मात्र हसण्यासारखं काही उरलं नाही. ठोके उतरले. एकशे दहा. शंभर. नव्वद. सिस्टरांनी आरतीला डाव्या कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला आणि ओरडल्या, "कुलदीप, गाडी काढ! अमरावतीले न्यायचं."

ड्रायव्हर कुलदीप धावत गेला, तसाच परत आला. "म्याडम, खिळ्यावर गाडीची किल्ली नाई!"

सिस्टर वळल्या. "मावशी, किल्ल्या कुठं आहेत?"

"माह्याजवळ. कोणी परत कुलपं लावतीन म्हणून ठेवल्या."

"ठेवल्या कुठं?"

गोदाबाईने पदर पुढे केला. पदराच्या टोकाला लिंबाएवढी गाठ! साऱ्या गावाच्या गाठी सोडवणाऱ्या बाईने किल्ल्या स्वतःच्या पदरात करकचून बांधल्या होत्या. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं माय व, मीच!" ती बोटांनी, मग दातांनी गाठ सोडू लागली.

पण आता गाडीला वेळच नव्हता. बाळाचं डोकं दिसू लागलं होतं. "आरती, माझ्याकडे बघ. आता जोर लाव, बाळा!" डोकं बाहेर आलं, आणि मानेभोवती नाळेचा वेढा. सिस्टरांनी बोट सरकवलं, वेढा अलगद डोक्यावरून काढला. तिकडे किल्ल्या खळ्ळकन फरशीवर पडल्या आणि इकडे पोर बाहेर आलं. निळसर, निपचित. सिस्टरांनी ते पुसलं, पाठ चोळली, तळपाय चोळले. चोळतच राहिल्या.

मग ते रडलं.

"पाहा!" गोदाबाई रडत, हसत ओरडली. "गाठ सुटली अन् पोर सुटलं!"

तासाभरात गावभर तेच झालं. खुशालराव येऊन म्हणाले, "गाय सापडून नाई राहिली," तर बायका म्हणाल्या, जाऊ द्या गाय, पदराचं ऐका! सिस्टरांची चौदा वर्षांची शिकवण एका दुपारी वाहून गेली. त्या वेळ आणि वजन लिहीत बसल्या.

आरतीने त्यांचा हात धरला. "ताई, खरी गाठ कोनं सोडली ते मी पाह्यलं."

सिस्टरांचे डोळे भरून आले. त्या लगबगीने उठल्या.

बाहेर कुलदीप किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा होता. "म्याडम, चादरीच्या कपाटाले कुलूप लावू?"

बाकावर नुकतीच आलेली दुसरी पहिलटकरीण पोट धरून बसली होती. तिची सासू त्या कुलपाकडे टक लावून पाहत होती.

"राहू दे," सिस्टर म्हणाल्या. "हिची सुटका झाली की लाव. पण गाडीची किल्ली मात्र माझ्याकडे दे."