कॅमशाफ्ट, स्प्रिंगा आणि कपडे वाळत घालायची दोरी

आमची गाडी मुळातच वेगवान. सासऱ्यांनी हौसेने घेतलेली दोन दारांची स्पोर्ट्स कार. वय झाल्यावर त्यांनी ती लेकीला दिली. (जावयाला नाही. माणूस जाणता होता.) पण शनिवारी चहा पिताना माझ्या डोक्यात किडा वळवळला, की हिच्या इंजिनाला व्हॉल्व्ह जास्त उचलणारे कॅमशाफ्ट आणि कडक व्हॉल्व्ह स्प्रिंगा बसवल्या, तर गाडी वाऱ्याशी बोलेल.

"सोमवारी दहाला माझी मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी मुलाखत आहे," बायको म्हणाली. "शाळा गावाबाहेर. गाडी लागेल."

"रविवारी रात्री तयार!" (अशी वाक्यं मी उभ्यानेच बोलतो. बसून बोललो तर विचार करावा लागेल.)

गॅरेजवाल्या काकांनी फोनवर युक्ती सांगितली. स्प्रिंग काढली की व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडू शकतो. म्हणून स्पार्क प्लगच्या भोकातून आत दोरी भरायची आणि पिस्टन वर आणायचा, म्हणजे दोरी व्हॉल्व्हला खालून टेकू देते. "दोरीचं शेपूट बाहेर ठेवा, नंतर ओढून काढायला. आणि शेवटी इंजिन हाताने फिरवून बघा!"

मी कपडे वाळत घालायची दोरी सोडली.

"अहो, ओले कपडे कुठे घालू?"

"इथे इंजिनाचा प्रश्न आहे!"

तिने माझे शर्ट खुर्च्यांवर पसरले.

तीन सिलिंडर झकास झाले. चौथ्याच्या स्प्रिंगा बसल्या आणि आतून हाक आली, "जेवायला या! आणि सगळं लोंबकळत टाकून येऊ नका!" माझा टॉवेल, माझ्या बुटांच्या नाड्या, सगळ्यांवर तिचं हेच म्हणणं असतं. म्हटलं, एकदा तरी तिचं ऐकावं. दोरीचं शेपूट नीट आत ढकललं, वर प्लग लावला. जेवून आलो, कॅमशाफ्ट बसवले, झाकण लावलं. हाताने फिरवून बघायचं मात्र भरल्या पोटी राहूनच गेलं.

सोमवारी साडेआठला ती मांडीवर फाइल घेऊन गाडीत बसली. मी ऐटीत किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्.

"बॅटरी गेली वाटतं."

"बॅटरी नवी आहे. अहो, दोरी कुठाय?"

"आत्ता कपड्यांचं काय?"

"तीनदा दोरी बाहेर आलेली मी खिडकीतून पाहिली. चौथ्यांदा?"

मी बॉनेटकडे पाहिलं. तिने माझ्याकडे. बारा वर्षं ती या जागेची वाट पाहत होती, आणि मी तिच्या इंजिनात दोरी भरून ठेवली होती. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसतं म्हणाली, "भाजी झाकून ठेवलीय," आणि नऊच्या बससाठी धावत सुटली.

तिच्या भुवया कोरायच्या चिमट्याने मी तासभर दोरी उपसली. या वेळी इंजिन आधी हाताने फिरवलं, चांगलं दोनदा. मग किल्ली फिरवली आणि गाडी अशी गरजली की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. पुरावा म्हणून दोरी सोबत घेतली आणि थेट शाळा गाठली.

ती फाटकातून हसतच आली. "मिळाली! दहाला दोन मिनिटं कमी असताना पोचले. त्यांनी विचारलं, चूक झाकून ठेवणाऱ्या मुलाशी कसं वागाल? मी घरचं उदाहरण दिलं. सगळे इतके हसले, की पुढचे प्रश्नच राहिले."

"मुलाचं वय सांगितलंस?"

"हो. बावन्न." तिने हात पुढे केला. "किल्ली द्या आणि तिकडे सरका."

मी सरकलो. गाडी खरंच वाऱ्याशी बोलायला निघाली होती, तेवढ्यात फाटकावरचा शिपाई ओरडला, "बाई, साहेबांच्या बाजूच्या दारातून दोरी लोंबतेय!"

"असू द्या," ती म्हणाली. "आत ढकलली की ते विसरतात."