आटलेले बूट

मोटरसायकलच्या परीक्षेत लाँड्रीवाल्याला दोनदा नापास केलं ते त्याच्याच पायांनी. मैदानात आखलेल्या आठाच्या आकड्यावरून गाडी फिरवायची आणि पाय टेकवायचा नाही, एवढंच काय ते! पण वळण आलं की याचा पाय खाली. गेली चार वर्षं गाडी बायको चालवायची आणि हा मागे कपड्यांचे गठ्ठे धरून बसायचा. गल्लीतले लोक त्याला तोंडावर ‘मागची सीट’ म्हणत.

“ही शेवटची खेप,” बायकोने बजावलं. “आज नापास झालात तर पुन्हा हँडलला हात लावायचा नाही.”

म्हणून त्याने मोटरसायकलचे बूट घेतले. अस्सल चामड्याचे, पोटरीपर्यंत येणारे.

“हा जोड घ्या,” दुकानदार म्हणाला, “यात बोटं हलतायत.”

“हलायला नकोत म्हणूनच तर घेतोय!” म्हणत याने एक नंबर लहान घेतला.

घरी येईपर्यंत डोळ्यांपुढे काजवे चमकले. मेहुणा म्हणाला, “दाजी, बूट भिजवा, तसेच घाला आणि पायातच सुकू द्या. दोन दिवसांत मऊ होतात.”

परीक्षा दुपारी तीनला. दोन दिवस आणायचे कुठून? लाँड्रीवाला ओल्या बुटांनिशी कपडे सुकवायच्या गरम झोतापुढे जाऊन बसला. सुकवण्यातलं त्याला कोण शिकवणार? वीस वर्षं तो गिऱ्हाइकांना सांगत आला होता, गरम हवेने लोकर आटते म्हणून. चामडंही आटतं, हे त्याला तासाभराने कळलं.

डावा बूट बायकोने ओढला, उजवा मेहुण्याने. लाँड्रीवाला खुर्चीतून निघाला, पाय बुटातून निघेनात. साबण झाला, तेल झालं. घोटा वळेना, बोटांना मुंग्या आल्या.

“संपलं सगळं,” तो रडकुंडीला आला. “आता जन्मभर मागची सीट!”

“रडता काय? चला, अडीच वाजले,” बायको म्हणाली.

मैदानात परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी शिट्टी मारली. पहिलं वळण आलं. पाय सवयीने खाली यायला निघाला, पण निघणार कसा? आटलेल्या बुटाने त्याला फूटरेस्टवरच ओंडक्यासारखा ताठ धरून ठेवला होता. एक आठ झाला, दोन झाले, तीन झाले.

“पुरे! थांबा आता!” साहेब ओरडले.

थांबायचं तर पाय टेकायला हवा. सातवा आठ झाला.

“अहो, थांबा म्हणतोय ना!”

“साहेब, मलाही थांबायचंय हो!”

शेवटी बायको आणि मेहुणा धावले आणि दोघांनी दोन बाजूंनी गाडी धरली.

“अठरा वर्षांत असा आठ पाहिला नाही,” साहेबांनी घाम पुसत सही केली. “पास!”

तिथून वरात थेट मोच्याकडे. त्याने बूट दाबून पाहिला. “कापावे लागतील. दोन मिनिटांचं काम.”

बायकोने नवऱ्याकडे कौतुकाने पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदाच. “उद्यापासून गठ्ठे मी धरते,” ती म्हणाली. “गाडी तुम्ही चालवा.”

मोच्याने सुरी लावली. लाँड्रीवाल्याने झडप घालून त्याचा हात धरला.

“अहो, पाय सुजलेत! पाय वाचवायचेत की नाही?” मोची ओरडला.

“त्या पायांचंच तर भय आहे,” लाँड्रीवाला हुंदके देत म्हणाला. “मोकळे झाले की पुन्हा खाली टेकतील हो!”