अंगणातला बिबट्या

बिबट्या घरात येऊन दोन दिवस झाले आणि ताईंच्या नवऱ्याचं डोकं उठलं. बिबट्या पेंढा भरलेला होता, पण डांबरगोळ्यांचा वास जेवणाच्या ताटापर्यंत यायचा.

"तो तरी राहील, नाहीतर मी!"

"ऑफिसचं छत गळतंय. सोमवारपर्यंत कळ काढ," म्हणत ताई व्याख्यानाला निघून गेल्या.

वन्यजीव संस्थेत ताईंचं काम लोकजागृतीचं. बारा वर्षं वस्तीवस्तीत एकच सांगणं: बिबट्या दिसला तर गर्दी करू नका, काठ्या उचलू नका, मला फोन करा. हा बिबट्या काठ्यांनीच मेला होता. त्याच्या कातडीवरचे टाके दाखवताना ताईंचा आवाज अजूनही कापायचा.

नवऱ्याने त्याला वारा लागावा म्हणून मागच्या अंगणात ठेवलं आणि आत जाऊन ताणून दिली.

भर सभेत ताईंचा फोन वाजला. शेजारच्या काकू होत्या.

"ताई, बिबट्या!"

"घाबरू नका. कुठे आहे?"

"तुमच्याच अंगणात!"

"अहो, तो पेंढ्याचा..." तोवर फोन बंद. नवरा फोन उचलेना. ताईंनी सभा सोडून स्कूटर काढली.

अंगणभर पेंढा उडाला होता. काचेचा एक डोळा धुण्याच्या दगडावर पडला होता. काठ्या घेतलेल्या चाळीस माणसांच्या पुढे वस्तीतला वेल्डर उभा होता. डोक्यावर ताईंनीच दिलेली 'बिबट्यामित्र' टोपी.

"मी काय शिकवलं होतं?"

"काकूंनी फोन केला ना, ताई. पण हा हलेचना. म्हटलं, दबा धरून बसलाय."

"पेंढा निघाल्यावर तरी थांबायचं!"

वेल्डरने मान खाली घातली. "हात थांबेना, ताई."

"मी ओरडत होतो, खोटा आहे म्हणून," दारातून नवरा पुटपुटला. ताई पायरीवर बसून रडल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वस्तीच्या भिंतीवर बिबट्या बसलेला दिसला. लोक बाहेर आले, बघून हसले.

"ताईंनी दुसरा आणलाय. परीक्षा घेतायत आपली. आता नाही फसायचं!"

काठी तर सोडाच, कोणी खडाही उचलला नाही. थोड्या वेळाने बिबट्याने जांभई दिली, भिंतीवरून उडी मारली आणि झुडपांत निघून गेला. वेल्डरला तिथेच घेरी आली.

सकाळी संस्थेच्या साहेबांचा फोन. "भर वस्तीत बिबट्या आणि एक दगड नाही! बारा वर्षांच्या कष्टांचं चीज झालं. हेच आपण सगळ्या वस्त्यांत करू. काय लागेल?"

ताईंनी काचेचा डोळा हातात फिरवला.

"प्रत्येक वस्तीला एक पेंढ्याचा बिबट्या."

"तेवढे मेलेले आणायचे कुठून?"

"त्याची काळजी नको, साहेब. काठ्या वस्तीवस्तीत आहेत," ताई म्हणाल्या.